स्नेहाचा उच्चार
(सुवर्णमहोत्सवानिमित्त बाभुळगाव येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोणत्याही संस्थेच्या पन्नास वर्षांचा हिशेब मांडताना वास्तू, देणग्या, तपश्चर्या, पाठशाळा आणि शिबिरे यांची नोंद आवर्जून होते. ती व्हावयासही हवी. परंतु या नोंदींच्या मागे जी घरे उभी असतात, त्या घरांच्या आतील जमाखर्च कोणत्याच अहवालात येत नाही. घरातील माणसे एकमेकांवर प्रेम करतात काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, कारण त्याचे उत्तर ठरलेले आहे. प्रेम तर आहेच. मग ते बोलून का दाखवायचे? आजच्या विवेचनाचा विषय हा दुसरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याची आवश्यकता नाही. श्वेतांबर परंपरेत पर्युषणात ज्या कल्पसूत्राचे वाचन होते, त्यातच एक हृद्य प्रसंग आहे. भगवान महावीर त्रिशलामातेच्या उदरात असताना, आपल्या हालचालीने मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून ते निश्चल झाले. हेतू शुद्ध करुणेचा होता. परंतु परिणाम उलटा झाला. गर्भ हलत नाही हे जाणवताच माता व्याकूळ झाली. आपला गर्भ नाहीसा झाला या शंकेने ती शोक करू लागली. राजवाड्यातील गीत-वाद्य थांबले. मातेच्या मनाची ही स्थिती जाणून भगवंतांनी किंचित हालचाल केली आणि त्या एवढ्याशा स्पंदनाने माता आनंदित झाली. तेव्हाच भगवंतांनी निश्चय केला, की मातापिता हयात असेपर्यंत दीक्षा घ्यावयाची नाही.

या प्रसंगाचा अर्थ सामान्यतः मातृभक्ती असा सांगितला जातो आणि तो योग्यच आहे. पण त्यात आणखी एक सूक्ष्म शिकवण आहे. करुणेपोटी धारण केलेली निश्चलतादेखील समोरच्याला दुःख देऊ शकते. मातेला सुख देण्यासाठी कोणताही मोठा चमत्कार करावा लागला नाही, किंचितशी हालचाल पुरली. आपल्या घरांतील बहुतेक अबोलपणा हा असाच आहे. तो निष्ठुरपणातून आलेला नाही. घरच्यांना काळजी नको, मुले शेफारू नयेत, पत्नीला उगाच घोर नको, अशा सद्हेतूनेच घरचा कर्ता माणूस गप्प राहतो. आणि पलीकडचा माणूस मात्र त्या स्तब्धतेचा अर्थ लावीत बसतो.

बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावातील कोणत्याही दुकानाचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वडील आणि मुलगा एकाच गादीवर दिवसाचे दहा-बारा तास बसतात. मालाची आवक, उधारी, बँकेतील भरणा, जीएसटीचा परतावा, कापसाचा भाव, सारे काही बोलले जाते. संध्याकाळी शटर ओढून दोघे एकाच वाटेने घरी येतात. या साऱ्या तासांत "आज तू गिऱ्हाईक फार चांगले सांभाळलेस" हे एक वाक्य मात्र उच्चारले जात नाही. तेच वडील शेजारच्या दुकानदारापाशी मुलाची मनापासून स्तुती करतात. मुलाला ती कळते ती तिऱ्हाइताकडून, तीही कधी पुष्कळ वर्षांनी. रोजकीर्दीत नोंद नाही आणि खतावणीत शिल्लक मात्र भरपूर, असा हा व्यवहार आहे. व्यापारात असा हिशेब कोणीही मान्य करणार नाही. घरात मात्र तो पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

याचा अर्थ आपल्या भाषेत स्नेह नाही असा नव्हे. मराठी माणूस घरातून निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो. त्या एका क्रियापदात परतण्याचे वचन असते. "जेवलास का?", "पोचल्यावर फोन कर", "ऊन फार आहे, उपरणे घेऊन जा" ही सारी प्रेमाचीच वाक्ये आहेत. पुण्याला शिकावयास निघालेल्या मुलाला धामणगावच्या स्टेशनवर सोडावयास गेलेले वडील गाडी हलता हलता खिडकीतून नोटांची घडी त्याच्या हाती कोंबतात आणि तोंड फिरवून उभे राहतात. आईने डब्यात भरलेले खाखरे, चिवडा आणि शेव ही तर एक सविस्तर पत्रेच असतात. दृष्ट काढताना मुठीतील मीठ-मोहरी जे बोलते, ते ओठांनी क्वचितच बोलले जाते. ही सांकेतिक भाषा सुंदर आहे. पण संकेत ज्याला कळतो त्यालाच तो पुरतो. लहान मुलाला तो कळत नाही, परक्या घरातून आलेल्या नव्या सुनेला कळत नाही, आणि आजारपणाने खचलेल्या वृद्धाला तो कळत असला तरी पुरत नाही. तिथे शब्दच लागतो.

महाराष्ट्रातील स्त्रियांनी या शब्दासाठी एक जागा शोधून ठेवली होती. ती जागा म्हणजे जाते. पहाटेच्या अंधारात दळण दळताना माउलीच्या तोंडून ओवी येई आणि त्या ओवीत भावाची आठवण, आईची माया, लेकराचे कौतुक, सासरचा जाच, सारे मोकळेपणी सांगितले जाई. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधक दांपत्याने आपल्या सहकाऱ्यांसह खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्याआधी साने गुरुजींनीही 'स्त्री-जीवन' या ग्रंथात ओव्यांचा मोठा संग्रह केला होता. ज्या स्त्रीला चारचौघांत पतीचे नाव उच्चारण्याचीही मुभा नव्हती, तिने जात्यापाशी आपले अंतःकरण उघडे केले. पतीचे नाव घ्यावयाचे तर उखाण्यातून, एरवी नुसते "अहो". तरीही तिला निदान एक जाते होते. पुढे गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या, श्रम वाचले हे चांगलेच झाले, परंतु जात्याबरोबर ती बोलण्याची जागाही गेली. आणि पुरुषाला तर तशी जागा कधी नव्हतीच. भजनात त्याने देवाला आळविले, दुकानात गिऱ्हाइकाला समजाविले, पण पत्नीशी, मुलाशी, भावाशी मनातले बोलण्यासाठी त्याच्याजवळ ना वेळ राखलेली होती, ना शब्द.

मराठी पुरुषाच्या या कोंडीला ज्यांनी वाट करून दिली, त्यांत साने गुरुजींचे नाव अग्रभागी येते. फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली. १९३५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. एका प्रौढ पुरुषाने, तोही स्वातंत्र्यसैनिकाने, आपल्या आईवरील प्रेम इतक्या उघडपणे सांगावे ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. आचार्य अत्रे यांनी त्यावर काढलेल्या चित्रपटाला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. गुरुजींच्या लेखनातील अश्रूंची थट्टा करणारेही पुष्कळ होते. परंतु ज्या माणसाचे डोळे सहज पाणावत, त्याच माणसाने मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजन बांधवांना खुले व्हावे म्हणून दहा दिवस उपोषण केले आणि ते मंदिर खुले झाले. हळवेपणा म्हणजे दुबळेपणा, हा समज खोडून काढण्यास याहून वेगळा दाखला नको.

दुसरे उदाहरण न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे आणि रमाबाई यांचे. १८७३ मध्ये त्यांचा विवाह झाला तेव्हा रमाबाई अवघ्या ११ वर्षांच्या होत्या आणि रानडे ३१ वर्षांचे. रानडे यांनी पत्नीला स्वतः शिकविले. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना ते रुचत नसे, टोमणे ऐकावे लागत, तरी शिक्षण थांबले नाही. रानडे यांचा स्वभाव अल्पभाषी. १९०१ मध्ये त्यांचे निधन झाले आणि १९१० मध्ये रमाबाईंनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' हे पुस्तक प्रसिद्ध केले. पतीसोबतच्या संसारातील लहानसहान प्रसंग, शिकवण, रुसवे आणि शेवटचे दिवस त्यांनी त्यात नोंदविले. एका मराठी पत्नीने आपल्या सहजीवनाविषयी इतके मोकळेपणाने लिहावे, हे त्या काळी धाडस होते. त्याने रानडे यांच्या थोरवीला उणेपणा आला नाही. उलट न्यायमूर्ती माणूस म्हणून महाराष्ट्राला कळले ते या पुस्तकामुळे. पुढे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये कवी ना. वा. टिळकांबरोबरचे प्रेम आणि भांडणे दोन्ही त्याच निर्मळपणे सांगितली. म्हणजे स्नेहाचा उच्चार ही परदेशातून आलेली चाल नव्हे. ती या मातीतील घरांनीच, संकोच बाजूला सारून, कमावलेली गोष्ट आहे.

आता जैन श्रोत्यांच्या मनात एक स्वाभाविक शंका येईल. आपला आदर्श वीतराग. राग म्हणजे बंधन. मग प्रेम व्यक्त करा असे सांगणे म्हणजे राग वाढवा असे सांगणे नव्हे काय? स्वतः गणधर गौतमस्वामींना भगवंतांविषयी असलेला स्नेहच केवलज्ञानाच्या आड आला होता, अशी कथा आपण दर दिवाळीला ऐकतो.

शंका गंभीर आहे, म्हणून तिचे उत्तरही शास्त्रातच पाहावे. सम्यग्दर्शनाची जी आठ अंगे सांगितली आहेत, त्यांत वात्सल्य हे एक अंग आहे. तत्त्वार्थसूत्रात मैत्री, प्रमोद, कारुण्य आणि माध्यस्थ्य या चार भावना सांगितल्या आहेत. त्यांतील प्रमोद म्हणजे गुणवंताला पाहून होणारा आनंद. ज्याला राग म्हणतात तो पकडून ठेवतो, "हे माझे आहे" म्हणतो, मोबदला मागतो. वात्सल्य देते आणि देऊन मोकळे होते. "तू माझ्या म्हणण्याबाहेर जाता कामा नये" हा राग झाला. "तुझ्यात हा गुण आहे आणि तो पाहून मला आनंद होतो" हा प्रमोद झाला. आपल्या घरांत गंमत अशी, की पहिले वाक्य मोठ्याने बोलले जाते आणि दुसरे मनात ठेवले जाते. रागाचा उच्चार आणि वात्सल्याचे मौन, हा क्रम उलटा करणे म्हणजेच धर्माच्या वाटेने एक पाऊल पुढे जाणे. गौतमस्वामींच्या कथेतही भगवंतांनी त्यांचा स्नेह तुच्छ लेखला नाही. त्या स्नेहातूनच त्यांना पलीकडे नेले. गृहस्थ तर अजून त्या वाटेच्या प्रारंभी आहे. ज्याने वात्सल्यच कधी प्रकट केले नाही, त्याच्या अबोल्याला वीतरागता म्हणता येणार नाही. संयम आणि अबोला यांत हा फरक आहे. संयम जिभेवरील कटू शब्द रोखतो. अबोला गोड शब्दही रोखून धरतो.

बंधुभगिनींनो, हा विषय केवळ कौटुंबिक गोडव्याचा नाही. आपला यवतमाळ जिल्हा शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर ओळखला गेला, ही आपल्या साऱ्यांची वेदना आहे. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केले, त्यांत यवतमाळ होता. नापिकी, कर्ज, पाण्याची टंचाई, भावाची घसरण ही त्यामागील कारणे आहेत आणि त्यांवरचे उपाय आर्थिकच असले पाहिजेत. बोलण्याने कर्ज फिटत नाही. परंतु कर्त्या पुरुषाने घरात काहीच सांगितले नव्हते, कर्ज किती हेही पत्नीला ठाऊक नव्हते, असे या भागातील किती घरांतून ऐकावयास मिळाले! येथेही हेतू तोच होता, घरच्यांना क्लेश नकोत. राज्याच्या आरोग्य विभागाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा' प्रकल्प सुरू केला. त्यात आशा कार्यकर्तींनी घरोघरी जाऊन खचलेली माणसे ओळखावी आणि त्यांना समुपदेशन मिळवून द्यावे, अशी योजना होती. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही १४४१६ क्रमांकाची निःशुल्क सेवाही उपलब्ध आहे. शासनालासुद्धा मन मोकळे करण्याची सोय उभारावी लागली, याचा अर्थ ती गरज अन्नवस्त्राइतकी खरी आहे. व्यापाऱ्याच्या घरातही मंदी येते, उधारी बुडते, भागीदारी तुटते. तेथेही रात्री जागणारा माणूस "काही नाही, झोप तू" एवढेच म्हणतो.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत कोरोनाच्या दुसऱ्या लाटेने आणखी एक धडा दिला. रुग्णालयाच्या दाराआड माणूस गेला, की नातेवाइकांना भेट नव्हती. कित्येक घरांत अखेरचे बोलणे डबा आणि औषध यांविषयीच झाले. जे सांगावयाचे होते ते "घरी आल्यावर सांगू" म्हणून राहून गेले आणि माणूस घरी आला नाही. शोकसभेतील भाषणे किती सुंदर असतात! त्यांतील एखादे वाक्य जरी त्या माणसाला जिवंतपणी ऐकावयास मिळाले असते, तर?

तरुण पिढीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगावयास हवी. मुलगा किंवा मुलगी वयात आल्यावर कोणाविषयी तरी ओढ वाटणे ही निसर्गाची रीत आहे. आपल्या घरांत हा विषय निषिद्ध मानला जातो. मुले मग सारे जगाला सांगतात आणि घराला सांगत नाहीत. आईवडिलांना ती बातमी बाहेरच्या माणसाकडून कळते, तेव्हा दुःख प्रेमाचे कमी आणि लपविल्याचे अधिक असते. मुलांच्या निवडीला संमती द्यावी की नाही, हा पुढचा प्रश्न आहे. त्यावर प्रत्येक घराचे मत निराळे असेल. परंतु "आईबाबांना सांगता येईल" हा विश्वास मुलाला असणे, हा आधीचा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न आहे. ज्या घरात सांगता येते, त्या घरातील मुलगी फसवणाऱ्याच्या हाती लागण्याआधी आईजवळ येते, आणि अपेक्षाभंगाने खचलेला मुलगा एकटा राहत नाही. ज्या घरात वडीलधारी माणसे आपापसांत स्नेहाने बोलताना मुलांनी कधी पाहिलीच नाहीत, तेथे मुलांनी मोकळेपणा शिकावा तरी कोणाकडून?

येथे एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. व्यक्त करणे म्हणजे प्रदर्शन नव्हे. चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स लावणे, शेजारच्या खोलीत बसलेल्या वडिलांसाठी मोबाइलच्या स्टेटसवर हृदयाची चित्रे टाकणे, आणि पाणी मागितले तर कपाळाला आठ्या घालणे, याला स्नेहाचा उच्चार म्हणता येणार नाही. कापडाचे थान दुकानाच्या दाराशी टांगले म्हणजे पोत कळत नाही; ते उलगडून हाती द्यावे लागते. स्नेहाचेही तसेच. ज्याच्याविषयी आहे, त्याच्याजवळ बसून, त्याच्याकडे पाहून, दोन साधे शब्द.

मग करावयाचे तरी काय? मोठे संकल्प नकोत, किंचितशी हालचाल हवी.

पहिली गोष्ट संवत्सरीची. त्या दिवशी आपण गावभर, आणि आता मोबाइलवरून देशभर, मिच्छामि दुक्कडम पाठवितो. ज्याच्याशी वर्षभरात एक शब्दाचाही संबंध आला नाही, त्याचीही क्षमा मागतो. पण ज्यांना वर्षभर खरोखर दुखविले, त्या पत्नीजवळ, सुनेजवळ, भावाजवळ, दुकानातील नोकराजवळ ते शब्द सर्वांत शेवटी पोचतात, किंवा पोचतच नाहीत. क्षमापनेचा आरंभ घराच्या उंबरठ्याच्या आतून व्हावा. आणि "काही चुकले असेल तर" एवढ्यावर न थांबता काय चुकले तेही सांगावे.

दुसरी गोष्ट, दिवसातून एक जेवण एकत्र. सूर्यास्तापूर्वी जेवणाचा नियम आणि दुकानाची वेळ यांत अनेक घरांतील पंगत मोडली आहे. सायंकाळी जमत नसेल तर सकाळी जमवावे. पण त्या वेळी फोन आणि हिशेब दूर असावेत. जुन्या जात्याची जागा आज बहुधा हे ताटच घेऊ शकेल.

तिसरी गोष्ट, गुण दिसताच तोंडावर सांगावा. चूक तर आपण तत्काळ सांगतोच. सुनेने सासूच्या हाताची चव वाखाणावी, सासूने सुनेच्या कष्टांचे नाव घ्यावे. हाच प्रमोद.

चौथी गोष्ट वृद्धांविषयी. त्यांच्या औषधाची विचारपूस होते, मनाची होत नाही. पायाशी बसून एक जुनी आठवण विचारावी आणि ती पूर्ण ऐकावी. आणि वृद्धांनीही "आता आमचे काय राहिले" असे न म्हणता, मुलांना एकदा तरी सांगावे, की तुमच्यामुळे आमचे आयुष्य भरून पावले.

आणि ज्यांना बोलणे अगदीच जमत नाही, त्यांनी लिहावे. पत्राची चार ओळींची घडी कपाटात पन्नास वर्षे टिकते.

संस्थेच्या पुढील पन्नास वर्षांत नवी वास्तू उभी राहील, नवे उपक्रम होतील. ते सारे होवोच. त्याबरोबर घराघरांतील माणसे एकमेकांना आपला स्नेह सांगू लागली, तर त्याची नोंद कोणत्याही अहवालात होणार नाही, पण घराला ती कळेल. त्रिशलामातेला आनंद द्यावयास एक लहानसे स्पंदन पुरले होते. आज घरी परतल्यावर दार उघडणाऱ्या माणसाला एवढेच सांगावे, की तू आहेस म्हणून या घराला घरपण आहे. उद्यावर ठेवू नये.

जय जिनेंद्र.